शिकारी, मासेमार आणि धामचा काठ

पवनारला धाम नदीच्या पात्रात काळ्या खडकांच्या आडोशाने जाळे टाकून एखादा ढिवर स्वस्थ बसलेला असतो, तेव्हा त्या पात्राच्या आणि वरच्या अफाट आकाशाच्या मानाने मनुष्य किती लहान दिसतो हे ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल, त्याला सतराव्या शतकातील डच निसर्गचित्रे परकी वाटण्याचे कारण नाही. यान व्हान गोयेन (१५९६–१६५६) याच्या नदीचित्रांत क्षितिज इतके खाली असते की फलकाचा बहुतेक भाग आकाशच व्यापून टाकते. खाली करड्या-पिवळसर पाण्यावर एखादी होडी आणि तिच्यातून ओणवे होऊन विणलेले सापळे उचलणारे दोन-तीन मासेमार. रंग पातळ आणि छटा मोजक्या असल्यामुळे चित्र लवकर सिद्ध होई, माफक किमतीला विकले जाई आणि मध्यम स्थितीतल्या गृहस्थाच्या भिंतीवरही विराजमान होई.

शिकारीची गोष्ट निराळी. हॉलंडात मोठ्या जनावरांची आणि ससाण्याकरवी होणारी शिकार हा उमरावांचा खास हक्क होता. व्यापारात गडगंज झालेल्या नागरिकालाही तिची मनाई असे. फिलिप्स वॉवरमन (१६१९–१६६८) याच्या चित्रांतले ते डौलदार स्वार, हातावरचे ससाणे आणि जवळजवळ हटकून दिसणारा पांढरा घोडा पाहताना मला नेहमी वाटते की, जे रानात करण्याचा अधिकार नव्हता ते निदान दिवाणखान्यात बाळगण्याची हौस अनेक खरेदीदारांनी भागवून घेतली असावी.

या साऱ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ते पाउलुस पॉटर याचे चित्र. अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी मृत्यू पावलेल्या या पशुचित्रकाराने १६५० च्या सुमारास शिकाऱ्याला झालेल्या शिक्षेची कथा एकाच फलकावरील लहान-लहान चौकटींतून रंगविली. भोवतीच्या चौकटींत मनुष्य पशूंना मारतो आहे. मध्यभागी मात्र पशूच फिर्यादी आणि पशूच न्यायाधीश असून, जेरबंद शिकारी सिंहाच्या दरबारात हजर केला जातो आणि शिक्षेचा हुकूम होताच त्याची अंमलबजावणीही तिथेच होते. हे चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे.

आमच्या वर्धा जिल्ह्यातील बोरच्या अरण्याला हा इन्साफ मिळावयास विसावे शतक उजाडावे लागले. १९७० साली ते अभयारण्य झाले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला देशभर पायबंद बसला आणि २०१४ साली बोर व्याघ्र प्रकल्प झाला. जिथे बंदुकीचा परवाना हीच प्रतिष्ठा होती, तिथे वाघाचे नुसते दर्शन हे भाग्य ठरले. ढिवराचे जाळे मात्र नदीत पडतेच आहे, कारण ते हौसेचे नव्हे, पोटाचे आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली यूरोपीय चित्रे आहेत. वर्ध्याच्या वाचकाने ती अवश्य पाहावीत. परंतु गाडीत बसण्यापूर्वी एक संध्याकाळ धामच्या काठी, जाळे ओढून होईपर्यंत, बसून यावे.