आजीचा आवाज का चिरकला?

बालमित्रांनो, गेल्या मे महिन्यातली ही गोष्ट. नांदेडला ऊन नुसतं मी म्हणत होतं. पारा ४२ अंशांच्या पुढं. अशा भर दुपारी माझ्या वर्गातली एक मुलगी बाबांचा हात धरून आमच्या दारात उभी! रडून रडून डोळे लाल झालेले.

"बाई, आमचा कम्प्युटर लई हळू चालायलाय. अन् आजीचा आवाज खर्र खर्र करायलाय!"

तिची आजी आदल्या वर्षी वारली. जाण्याआधी आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या आणि काकांनी त्या मोबाइलवर टिपून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवल्या होत्या. पुढं तो मोबाइल फुटला. म्हणजे आजीचा आवाज आता फक्त त्या एका डब्यात!

बाबा म्हणाले, "दुकानात दाखवला, बाई. ते म्हणतात, फॉरमॅट मारा, नाहीतर नवाच घ्या."

माझ्या पोटात धस्स झालं. फॉरमॅट मारणं म्हणजे लिहिलेली पाटी पुसून कोरी करणं. मग ओव्यांचं काय?

मी काही इंजिनीअर नाही बरं का! पण शाळेतले कॉम्प्युटर रुसले, की आम्हा शिक्षकांनाच त्यांची समजूत काढावी लागते. तशीच गेले त्यांच्या घरी.

आधी जपा, मग दुरुस्ती

पहिलं काम कोणतं केलं असेल? ओव्यांची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. मग तीच फाइल बाबांच्या मोबाइलवर घालून वाजवली. आणि काय सांगू! आजीचा आवाज अगदी स्वच्छ! मुलीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला.

म्हणजे फाइल धडधाकट होती. मग बिघाड स्पीकरमध्ये? स्पीकर काढून इयरफोन लावला. तरी खरखर होतीच. म्हणजे स्पीकरही निर्दोष. कॉम्प्युटरवर दुसरं एक गाणं लावलं. तेही तुटक! आता संशय एकाच ठिकाणी उरला. कॉम्प्युटरच्या पोटात.

नळ का फसफसतो?

तुम्ही म्हणाल, हळू चालणं वेगळं आणि आवाज फाटणं वेगळं. दोन आजार झाले की! पण तसं नसतं नेहमी.

कॉम्प्युटरमध्ये आवाज साठवतात तो आकड्यांच्या रूपात. सीडीवरच्या गाण्यात तर एका सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, हे आकडे एका छोट्याशा टाकीत भरत राहतो. तिथून ते ठरलेल्या वेगानं स्पीकरकडं जातात. या टाकीला बफर म्हणतात. ती एवढीशी असते, की सेकंदाचा लहानसा भागच तिच्यात मावतो.

माझं माहेर लातूरचं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून आगगाडीनं लातूरला पाणी आणलं होतं, ते तुमच्या आईबाबांना आठवत असेल. पाण्याची टंचाई बघितलेल्या माणसाला टाकी रिकामी होत आल्याचं आवाजावरूनच कळतं. नळ फस्स करतो, जरा धार येते, पुन्हा फस्स! नळ बिघडलेला नसतो. टाकीतच पाणी नसतं.

कॉम्प्युटरचंही तसंच. मेंदू थकला, की टाकी वेळेवर भरत नाही. मध्येच रिकामी होते आणि आवाज तुटतो. खर्र खर्र! थोडक्यात, हळू चालणं आणि आवाज फाटणं ही एकाच आजाराची दोन लक्षणं.

खरा चोर कोण?

पण मेंदू थकला कशानं? मी मुलीला विचारलं, "सकाळी लावल्या लावल्या पण असाच आवाज येतो का गं?"

ती आठवून म्हणाली, "नाही बाई. सकाळी थोडा वेळ चांगला यायलाय. मग बिघडतो."

सापडला धागा! थंड असताना बरा, तापल्यावर वाईट. प्रोसेसर फार तापला, साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत गेला, की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. उन्हात राबणारा माणूस दुपारी लिंबाखाली टेकतो ना, तसा.

कॉम्प्युटरच्या डब्यावर आईनं हौसेनं विणलेलं कव्हर होतं. हवेच्या जाळीवर, अगदी खालपर्यंत! बाबांनी वायर काढली, डबा अंगणात नेला आणि बाजूचं झाकण उघडलं. आत पंख्यावर आणि त्याखालच्या धातूच्या पात्यांवर धुळीची जाड गोधडी! वारा जाणार कुठून? पंखा फिरू नये म्हणून बाबांनी तो बोटानं धरला आणि रंगकामाच्या कोरड्या, मऊ ब्रशनं सगळी धूळ झाडली.

झाकण लावलं, कव्हर मात्र कपाटात गेलं. तासभर कॉम्प्युटर चालू ठेवून ओव्या लावल्या. एकही खरखर नाही!

सुरू व्हायला मात्र तो अजून वेळ घेत होता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. कोण किती काम करतंय याचा तो हजेरीपटच! न सांगता आपोआप सुरू होणारे चार-पाच प्रोग्राम त्यात दिसले. नको होते ते बंद केले. डिस्कही गच्च भरली होती. जुने सिनेमे काढल्यावर तिला जरा श्वास मिळाला. नवा कॉम्प्युटर टळला, फॉरमॅटही टळलं.

तुम्हीही करून पाहा

१. आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडं उतरवा.
२. तीच फाइल मोबाइलवर ऐका. मग इयरफोन लावून पाहा.
३. बिघाड कधी होतो ते वहीत लिहा. लावल्या लावल्या की तापल्यावर?
४. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, मेमरी की डिस्क, कोण शंभर टक्क्यांना टेकलंय ते बघा.
५. डबा मोठ्या माणसांनीच उघडायचा, तोही वायर काढून. आतली वीजपुरवठ्याची पेटी कधीच उघडायची नाही!

एवढं करूनही फरक पडला नाही, तर खुशाल दुकानात जा. पण काय काय तपासलं ते दुकानदाराला सांगा.

आणि पालकहो, एक विनंती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायकांचे आवाजही त्यात आहेत. तुमच्या घरच्या आजीचा आवाज मात्र तुम्हालाच जपायचा आहे. तो टिपा आणि दोन ठिकाणी ठेवा.

मग मुलांनो, कॉम्प्युटर रुसला तर काय कराल? आधी पेनड्राइव्ह, मग ब्रश! लक्षात राहील ना?