आतड्याचा दाह आणि मनाची काळजी

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याच्या दाहाचे दीर्घकाळ चालणारे रोग. पोटात कळा, रक्त पडणे, थकवा, दिवसातून कितीदा तरी शौचास धावणे. पण रुग्णाला पोखरते ती निराळीच धास्ती : एस.टी.त किंवा लग्नमंडपात कळ आली तर? आम्ही काउंटरवर बसणारी माणसे. समोरची रांग सोडून पुन्हापुन्हा उठणे किती अवघड, हे आम्हांस ठाऊक आहे. मग माणूस प्रवास टाळतो, अर्धपोटी राहतो, घराबाहेर पडेनासा होतो.

"फार विचार करतो म्हणून पोट बिघडते," असे लोक सर्रास म्हणतात. १९५० च्या सुमारास काही डॉक्टरही कोलायटिस मनातून उपजतो असे मानीत. ते मत आता मागे पडले आहे. बिघाड प्रतिकारशक्तीत असतो. ताणाने त्रास वाढू शकतो, एवढेच खरे. २०२१ च्या एका मोठ्या आढाव्यात सुमारे तिघांत एकाला चिंतेची, चौघांत एकाला नैराश्याची लक्षणे आढळली. स्टेरॉइडनेही झोप उडते, चिडचिड होते. मात्र त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे.

झोप नाही, रडू येते, हेही पोटाच्या डॉक्टरांना सांगावे. समुपदेशन व गरजेनुसार मनाची औषधे पोटाच्या औषधांच्या जोडीने चालतात. शासनाच्या 'टेली-मानस'वर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही. आणि घरच्यांनी पाहुण्यांसमोर "आज कितीदा गेलास?" हे तेवढे विचारू नये.