भिंतीवरची दातेरी चाके

पदवीदान, वास्तुशांती, कारखान्याचा शुभारंभ किंवा दिवाळी या निमित्तांनी द्यावयाच्या भेटींत अलीकडे एक नवा प्रकार रूढ होत आहे. दातेरी चाकांचे घड्याळ, सर्किट बोर्डाची चौकट, जुन्या घाटाच्या दिव्यांची माळ, विद्युतशास्त्रातील सूत्र कोरलेली लाकडी पाटी अशा वस्तू दिवाणखान्याच्या भिंतीवर दिसू लागल्या आहेत. पिढीजात पेढी सांभाळणाऱ्या घरांतील अनेक मुलेमुली आज अभियांत्रिकीकडे वळली आहेत. त्यांच्या विद्येला घराने दिलेली ही दाद होय. म्हणूनच ती पारखून द्यावी.

शोभेच्या चाकांत एक चूक वारंवार आढळते. दाते गुंतलेली शेजारची दोन चाके नेहमी परस्परांच्या उलट दिशांनी फिरतात. त्यामुळे तीन चाके त्रिकोणात एकमेकांत अडकविली, तर तिन्ही जागीच जखडतात. चाकांचे बंद कडे फिरायचे, तर त्यांची संख्या सम हवी. ब्रिटनमध्ये १९९८ साली चलनात आलेल्या दोन पौंडांच्या नाण्यावर औद्योगिक क्रांतीचे प्रतीक म्हणून १९ दातेरी चाकांचे कडे आहे. संख्या विषम असल्याने ते फिरणे शक्य नाही. नाणे खरे, यंत्र मात्र खोटे! ज्याने ही विद्या शिकली, त्याच्या नजरेतून असा दोष सुटत नाही.

दिव्यांच्या माळेचेही तसेच. एडिसनने १८७९ मध्ये कार्बनच्या तंतूचा दिवा यशस्वी केला. त्या घाटाच्या आजच्या बऱ्याचशा दिव्यांत तापणारा तंतू नसतो. बारीक एलईडी एका ओळीत बसविलेले असतात. वीज कमी लागते, हे चांगलेच. तरी होल्डर, वायर आणि पिन उत्तम प्रतीची आहे ना, हे पाहूनच अशी वस्तू घ्यावी.

कोल्हापूरकरांना तर ही भेट घराजवळच मिळू शकते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या परिसरांत फाउंड्री आणि यंत्रकामाची मोठी परंपरा आहे. ओतकामासाठी आधी वस्तूचा पॅटर्न करावा लागतो. बीड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न शंभर मिलिमीटरला सुमारे एक मिलिमीटर मोठा ठेवतात. जुने लाकडी पॅटर्न कारागिराच्या हिशेबी हाताची साक्ष देतात. वापरातून गेलेला असा एखादा पॅटर्न स्वच्छ करून, तेल लावून चौकटीत बसविला, तर प्लॅस्टिकच्या चाकांहून तो शोभून दिसतो. मात्र पॅटर्न बहुधा माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. त्याच्या संमतीविना तो कोणालाही देऊ नये.

कला आणि यंत्र यांचे सख्य या नगरीला नवे नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर उत्तम चित्रकार होते; चित्रपटाचा कॅमेराही त्यांनी येथेच घडविला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

१५ सप्टेंबर हा सर विश्वेश्वरय्यांचा जन्मदिन देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले. घरातील नव्या अभियंत्याला भेट देण्यास हा दिवस उचित आहे. चौकटीच्या मागे तो पॅटर्न कोणत्या यंत्राच्या भागाचा, कोणत्या साली आणि कोणत्या कारागिराने केला, एवढे तीन तपशील अवश्य लिहावेत.