मात्सू बेटे : दोन केबल तुटल्या तेव्हा

तैवानच्या अखत्यारीतील, परंतु चीनच्या किनाऱ्यालगत असलेल्या मात्सू द्वीपसमूहाचे इंटरनेट मुख्यतः सागरी केबलवर, म्हणजे समुद्रतळावर टाकलेल्या आणि प्रकाशाच्या स्पंदनांद्वारे माहिती वाहून नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या तारांवर, अवलंबून आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये, अवघ्या सहा दिवसांच्या अंतराने, या बेटांना तैवानशी जोडणाऱ्या दोन्ही केबल तुटल्या. तैवानी अधिकाऱ्यांनी चिनी मासेमारी नौका व मालवाहू जहाजाकडे बोट दाखवले, मात्र हेतुपुरस्सर घातपाताचा पुरावा पुढे आला नाही.

केबल दुरुस्त करणारी विशेष जहाजे जगात मोजकीच असल्याने दुरुस्ती लांबली आणि तोवर मायक्रोवेव्ह यंत्रणेवर, म्हणजे उंचावरील अँटेनांमधून रेडिओलहरींनी संदेश पाठवणाऱ्या पर्यायी मार्गावर, भिस्त ठेवावी लागली. परंतु तिची क्षमता केबलच्या तुलनेत तुटपुंजी असल्यामुळे साधे संदेश पोहोचण्यासही विलंब होत असे, तर आरक्षण, बँकिंग आणि पर्यटन व्यवसाय यांची मोठी गैरसोय झाली. मार्चअखेरीस सेवा पूर्ववत झाली.

बेटांवरील इंटरनेटची सुरक्षितता केवळ पासवर्ड वा सांकेतिकीकरणावर ठरत नाही. वेगवेगळ्या मार्गांनी नेलेल्या केबल, सक्षम मायक्रोवेव्ह, उपग्रहसेवा आणि तत्पर दुरुस्ती या चारही गोष्टी तिच्यासाठी अपरिहार्य आहेत.