कमी आकड्याकडेही पाहा

रक्ताचा अहवाल हाती आला की नजर आधी वाढलेल्या आकड्यांवर जाते. कमी आलेला आकडा बहुधा सुटतो. अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमच्या बाबतीत मात्र तो सुटणं लहान मुलाला महागात पडू शकतं. लिव्हरच्या तपासणीत छापून येतो म्हणून हा आकडा यकृताचाच समजला जातो. वाढत्या वयात मात्र रक्तातलं हे एन्झाइम मुख्यतः हाडांतून आलेलं असतं. हाडाशी असलेलं त्याचं नातं १९२३ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांनी दाखवलं. पायरोफॉस्फेट नावाचं द्रव्य हाडात खनिज बसू देत नाही आणि हे एन्झाइम ते फोडतं, हा उलगडा पुढे झाला. बांधून झालेल्या घरावर दोन गवंडी पुरतात, पण भिंती चढत असलेल्या घरावर दोनच दिसले तर काळजी करायला हवी. मुलाचं शरीर असं चढतं बांधकाम आहे.

१९४८ साली कॅनडातले बालरोगतज्ज्ञ रॅथबन यांनी हाडं मुडदुसासारखी मऊ, पण रक्तात हे एन्झाइम अगदी कमी, अशा बाळाची नोंद केली आणि आजाराला हायपोफॉस्फटेशिया हे नाव दिलं. एएलपीएल या जनुकातल्या दोषामुळे होणारा हा दुर्मीळ आजार आहे. एक्स-रेमध्ये तो मुडदुसासारखा दिसू शकतो, पण मुडदुसात हा आकडा चढतो आणि इथे उतरतो. फरक न ओळखता ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरपूर दिलं, तर कॅल्शियम आधीच चढलेल्या तान्ह्या बाळाला अपाय होतो. खरी अडचण छापील मर्यादेची आहे. मोठ्या माणसांत हा आकडा साधारण ४० ते १३० असतो, तर एक ते दहा वर्षांच्या मुलांत १४० च्या पुढे. अहवालावर मोठ्यांची मर्यादा छापली असेल, तर चार वर्षांच्या मुलाचा ७० हा आकडा बिनदिक्कत ‘नॉर्मल’ ठरतो.

इतक्या दुर्मीळ आजारासाठी कुंभार पिंपळगावसारख्या गावातल्या आईबापांनी का धास्तावावं, असा आक्षेप कुणी घेईल. धास्तावायचं कारण नाहीच. कुपोषण, जस्ताची कमतरता, थायरॉइडची मंदगती यांनीही आकडा उतरतो. रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीतून तपासलं गेलं तरी तो खोटा कमी येतो. म्हणून एका अहवालावर निदान होत नाही. तपासणी पुन्हा करायची, मग रक्तातलं ब-६ जीवनसत्त्व आणि शेवटी जनुक. पण पहिल्या पायरीला नवं यंत्र लागत नाही, आहे तो आकडा वयाप्रमाणे वाचायचा एवढंच. २०१५ साली या एन्झाइमची उणीव भरून काढणारं औषध निघालं. ते अतिशय महाग आहे, तरी निदानाशिवाय मदतीसाठी अर्जही करता येत नाही. अशी मदत देणाऱ्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालचं मुंबईचं केंद्र केईएम रुग्णालयात आहे. मुलाचा दुधाचा दात पाच वर्षांच्या आत मुळासकट पडला, पाय वाकले किंवा चालणं लांबलं, तर जुना अहवाल काढा आणि अल्कलाइन फॉस्फटेजची मर्यादा मुलाच्या वयाची आहे का, हे डॉक्टरांना विचारा.