पूर्ण, पार आणि ‘फुल्ली’

इंग्रजीत ‘फुल्ली’, ‘कम्प्लीटली’, ‘टोटली’, ‘अटरली’, ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ असे अनेक शब्द आहेत. मराठीत आणताना आपण त्या सर्वांच्या जागी ‘पूर्णपणे’ लिहितो आणि मोकळे होतो. या घाईत काय हरवते, ते आपल्याच धार जिल्ह्यातील निसरपूरच्या उदाहरणाने पाहू.

कुक्षी तहसिलीतले, निमाडातले हे गाव सरदार सरोवराच्या बुडितात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले. या पातळीचे सरकारी नाव ‘फुल रिझर्व्हायर लेव्हल’. येथे ‘फुल’ म्हणजे भांड्याच्या मापाने भरलेले. त्याला ‘पूर्ण’ हा शब्द चोख बसतो.

आता बुडिताचा तक्ता पाहा. गुजरातची १९, महाराष्ट्राची ३३ आणि मध्य प्रदेशाची १९३, अशी एकूण २४५ गावे. त्यांपैकी ‘फुल्ली’ बुडणारी फक्त ४. उरलेली २४१ ‘पार्शली’, म्हणजे अंशतः. महाराष्ट्राची तर सगळीच अंशतः. याचे कारण असे, की घरे, बाजार, देऊळ पाण्याखाली गेले, तरी हद्दीतली थोडी जमीन वर उरली, की नोंद ‘अंशतः’च होते. तक्ता खोटा नाही. त्याचे माप शिवाराचे आहे, संसाराचे नाही.

म्हणून शब्द निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा शब्द काय मोजतो? ‘फुल्ली’ माप मोजतो, ‘टोटली’ बेरीज. ‘कम्प्लीटली’ काम तडीस गेल्याचे सांगतो. ‘अटरली’चे मूळ ‘बाहेरचा, टोकाचा’ या अर्थाच्या जुन्या शब्दात आहे. तो बहुधा वाईटाच्या जोडीला येतो. ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ म्हणजे कसलीही अट न ठेवता.

मराठीही कमी नाही. नकार ‘साफ’ असतो, पराभव ‘सपशेल’, खोटे ‘निखालस’, वेडा ‘ठार’. ‘अगदी’ गुणाला शोभतो : अगदी लहान, अगदी खरे. ‘घर अगदी बुडाले’ मात्र कानाला खटकते. तेथे ‘पार’ हवा. पार म्हणजे पलीकडचा काठ. जेथून परतणे नाही, अशी अवस्था तो सांगतो.

अर्जात मात्र ‘पार बुडालो’ पुरत नाही. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९च्या निवाड्यात, ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून अधिक जमीन संपादित होईल, त्याला किमान २ हेक्टर जमीन देण्याची तरतूद आहे. म्हणजे हक्कासाठी ‘पूर्ण’ बुडण्याची गरजच नाही. तेव्हा अर्जात आकडा लिहावा : किती होती, किती गेली. जोरदार शब्दाने तेथे काही साधत नाही. उलट ‘सर्व गेले’ लिहिले आणि बांधावरचा एक तुकडा उरलेला निघाला, तर खऱ्या माणसाचा अर्ज खोटा दिसतो.

घरी आठवण सांगताना ‘पार’ म्हणा, सरोवराविषयी ‘पूर्ण’ म्हणा, कचेरीत आकडा द्या. तिन्ही खरे आहेत. फक्त एकाच्या जागी दुसरे ठेवू नका.