फजितीतला हेर

गुप्तहेरपटांचे विडंबन आपणांस का भावते? १९६२ पासून पडद्यावर वावरणारा जेम्स बाँड क्वचितच चुकतो. आपण रोज चुकतो. म्हणून वेंधळा ‘जॉनी इंग्लिश’ आपला वाटतो. रोवन अ‍ॅटकिन्सन यांची ही भूमिका १९९० च्या दशकातील बार्कलेकार्ड या क्रेडिट कार्डाच्या जाहिरातींमधील अशाच एका हेरावरून घडली, याची मज निवृत्त बँक अधिकाऱ्यास विशेष गंमत वाटते.

त्याचे चित्रपट तीन: २००३, २०११ आणि २०१८. बाँडचे वय वाढू लागले की नट बदलतो. जॉनी मात्र त्याच चेहऱ्याने म्हातारा होतो. तिसऱ्या भागात सायबर हल्ल्यामुळे साऱ्या कार्यरत हेरांची ओळख उघड होते आणि शाळेत शिकवणाऱ्या निवृत्त जॉनीला बोलावणे येते. तो स्मार्टफोन नाकारतो, जुनी मोटार निवडतो. त्या वेळी अ‍ॅटकिन्सन ६३ वर्षांचे होते.

नातवंडांसह मीही खळखळून हसलो. मग मोबाइलवरून पैसे पाठवण्यास नातवाकडून शिकतानाची माझीच धांदल आठवली. उत्तरभागांची गोडी यातच असावी: तो पुन्हा पडणार हे ठाऊक असते, आणि पुन्हा उठणार हेही.